तारीख विचारणारे यंत्र

विझलेल्या पडद्यावर विजेरी तिरकी धरली आणि पडद्याच्या कडेशी गाल नेऊन एक डोळा मिटला, म्हणजे आत अक्षरे दिसू लागतात. समोर खुर्ची टाकून बसणाऱ्याला तेथे करडा अंधार तेवढा दिसतो आणि यंत्र मेले असा निर्वाळा देऊन तो मोकळा होतो. परंतु जो वाकतो, मान अवघडू देतो आणि उजेडाचा कोन केसभर अलीकडे, केसभर पलीकडे करीत बसण्याइतका रिकामटेकडा असतो, त्याला कळते की लेखन अद्याप चालू आहे, त्याच्या पाठीमागचा दिवा मात्र गेलेला आहे. ही अक्षरे मला प्रथम दिसली ती पुण्यात, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या गजबजाटावर असलेल्या एका माडीवर, खाली वायरींची भेंडोळी आणि पंख्यांची पाती यांचा सौदा रंगात आलेला असताना. इंग्रजीतल्या दोनच ओळी होत्या. पहिली सांगत होती, आज मंगळवार, १ जानेवारी १९८०. दुसरी विनवीत होती, नवी तारीख द्यावी. त्यापुढे एक आखूड रेघ उघडझाप करीत उत्तराची वाट पाहत होती, आणि तिच्या एकंदर धीरावरून असे वाटत होते की तिला कसलीही घाई नसावी.

यंत्र माझ्या मामांचे. मामा जहाजावर इंजिनिअर होते, आणि १९९१ च्या सुमारास समुद्राचा कायमचा निरोप घेऊन दापोलीखालच्या आपल्या गावी परतताना त्यांनी सिंगापुराहून हा लॅपटॉप बरोबर आणला होता. त्याच्यावर भरलेल्या जकातीची कथा ते पुढे इतक्या वेळा आणि इतक्या चढत्या आकड्यांनी सांगत, की यंत्राची मूळ किंमत किती हा प्रश्न विचारण्याचे धैर्य घरात कोणालाही उरले नाही. कंपनीचे नाव येथे सांगण्यात हशील नाही. त्या पिढीची बहुतेक यंत्रे आज याच दुखण्याने अंथरूण धरून आहेत, आणि एकट्याचीच अब्रू चव्हाट्यावर मांडणे न्यायाचे होणार नाही. वजन तीन किलोंच्या आसपास, रंग मूळचा राखाडी, पडदा एकरंगी. मांडीवर घ्यायचे यंत्र म्हणून त्याची ख्याती असली तरी मांडीला ते थोड्याच वेळात जाणवू लागे. पण १९८१ मध्ये ऑस्बर्न नावाचे जे पहिले गाजलेले फिरते संगणकयंत्र बाजारात आले ते पाच इंची पडदा मिरवीत सुमारे अकरा किलो भरत असे आणि त्याला उचलून नेण्याजोगे म्हणण्यासाठी उचलणाराही तसाच लागे, हे ध्यानात घेतले, म्हणजे दहा वर्षांत माणसाने केवढी मजल मारली ते कळते. ऑस्बर्नच्या पुढल्याच वर्षी आलेल्या ग्रिड कंपासने वहीसारखे मिटणारे झाकण दिले. ते झाकण आजतागायत तसेच आहे. मिटणाऱ्या वस्तूविषयी माणसाला काही निराळीच आस्था असते. पेटी, पोथी, अडकित्ता, छत्री. जे मिटते ते आपले काम संपल्याचे सांगते. उघड्या वस्तूला तो विवेक नसतो.

मामा गेल्यानंतर यंत्र कपाटात गेले. समुद्रकाठच्या घरात कपाट हे वस्तूंचे संरक्षण करते अशी सर्वांची समजूत असते, आणि खारा वारा त्या समजुतीला धक्का न लावता आपले काम करीत राहतो. खिडकीचे गज पोपडे टाकतात, बिजागऱ्या कुरकुरण्याचेही सोडून देतात, शिवणयंत्राचे चाक एका सकाळी फिरायचे नाकारते. घरातले लोक या साऱ्याला हवेचा दोष म्हणतात आणि पुढच्या मे महिन्यात रंगाचा डबा आणतात. मामेबहिणीने कपाट आवरायला घेतले तेव्हा पंच्यात गुंडाळलेले आणि डांबरगोळ्यांनी वेढलेले हे बोचके तिच्या हाती आले. पंचा सोडताच डांबरगोळ्यांवर मात करणारा एक आंबट, नाकात चढणारा वास सुटला. "दादा, याच्यावर कोणी लोणच्याची बरणी तर सांडली नव्हती ना?" असे तिने फोनवर विचारले. मी म्हणालो, "अगं, पाठव तर खरं." ते बोचके, वासासकट, एसटीच्या पार्सलातून पुण्याला आले.

ज्या गृहस्थांकडे मी ते नेले त्यांना गल्लीत सगळे मास्तर म्हणतात. ते कोणत्याही शाळेत शिकवीत नव्हते. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून दूरचित्रवाणीपर्यंत आणि तेथून पुढे जे जे मिटले आणि उघडले त्या सर्वांच्या पोटात हात घालून त्यांनी इतक्या मुलांना हाताखाली तयार केले, की ती पदवी लोकांनीच त्यांना बहाल केली. त्यांच्या टेबलावर भिंगाचा दिवा, मल्टिमीटर, राळेची डबी आणि दात झिजलेले ब्रश असतात, आणि त्या पसाऱ्यात कोणती वस्तू कोठे आहे याची फेरिस्त फक्त त्यांच्या बोटांना ठाऊक असते. यंत्राला हात लावण्यापूर्वी त्यांनी त्याची जबानी माझ्याकडून घेतली. कुठे होते? किती वर्षे? समुद्र किती लांब?

"ओहोटीला दहा मिनिटं, भरतीला पाच," मी म्हणालो.

"मग पडदा राहू द्या. आधी पोट बघू. सेल लीक झाला असणार."

यंत्र उघडणे हा एक प्रकारचा पंचनामा आहे. कोणता स्क्रू कोठून निघाला याची नोंद मास्तर एका पुठ्ठ्यावर यंत्राची आकृती काढून, त्या त्या जागी तो तो स्क्रू टोचून ठेवतात. आणि मला त्या पुठ्ठ्याचा नकाशा, खरे सांगायचे तर, आतल्या साऱ्या विद्युत्‌विद्येपेक्षा अधिक मोहक वाटला. झाकण निघाले, कळफलक निघाला, आणि खाली मुख्य पाटी दिसली. तिच्या एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी, प्लास्टिकच्या वेष्टनात जखडलेली बॅटरी होती आणि तिच्याभोवती वीतभर मुलुखावर निळ्याहिरव्या, पांढऱ्या, मोरचुदी रंगाचे एक राज्य पसरलेले होते. ते रंग सुंदर होते, हे नमूद केलेच पाहिजे. क्षयाला अनेकदा आरोग्यापेक्षा चांगले रंग मिळतात.

या बॅटरीचे यंत्रातले काम अगदी मर्यादित. यंत्राला हालचाल देणारी बॅटरी निराळी, मोठी, काढता घालता येणारी. ही धाकटी पाटीलाच डाक देऊन बसवलेली असते आणि तिच्याकडे एकच खाते सोपवलेले असते: यंत्र बंद असताना त्याला काळाचा आणि स्वतःचा विसर पडू द्यायचा नाही. एक इवलासा गारेचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्या कंपांची मोजदाद करून तारीख आणि वेळ पुढे सरकतात, आणि त्यांच्या शेजारी, चौसष्ट बाइटांच्या एका चिमुकल्या दप्तरात, आपल्या पोटात तबकडी कोणत्या प्रकारची आहे, स्मृती किती आहे, फ्लॉपीचा खण कसला आहे, एवढी माहिती जपून ठेवली जाते. चौसष्ट बाइट म्हणजे पोस्टकार्डावरचा पत्तादेखील नीट मावायचा नाही. पण तेवढे दप्तर पुसले गेले की यंत्र जागे होताना आपली तबकडीच आपली म्हणून ओळखत नाही; ती पोटात शाबूत असते, तिच्यावरचा मजकूर शाबूत असतो, आणि तरीही सरकारदरबारी नोंद नसलेल्या जमिनीसारखी ती बेदखल होऊन पडते.

निकेल आणि कॅडमियम यांचा हा विद्युत्‌घट स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये सिद्ध केला. त्याच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा तीव्र क्षार असतो. घट वर्षानुवर्षे पडून राहिला, की त्याच्या तोंडावरची सील शिणते आणि क्षार बाहेर डोकावतो. मग त्याला कोणी ढकलावे लागत नाही. तांब्याच्या रेषांवरून, त्यांच्यावरच्या हिरव्या लाखेच्या खालून, तारेच्या वेष्टनाच्या आतून, तो आपण होऊन पुढे पुढे सरकतो. हवेतला कर्बवायू घेऊन पांढरा होतो, तांबे खाऊन हिरवा होतो. मोठी बॅटरी हे पाप करू शकत नाही, कारण ती काढून ठेवता येते. जी काढता येत नाही, जिने अहोरात्र जागायचे, जिच्यावर स्मरणाची जबाबदारी, तीच फुटते. यंत्र वापरात असते, तिला वेळच्या वेळी विजेचा शिधा मिळत असता, तर कदाचित ती आणखी काही वर्षे तग धरती. पण यंत्र कपाटात गेले आणि अंधारात एकटी ती तारीख मोजत राहिली, आणि मोजता मोजता रिती झाली, आणि रिती झाल्यावर तिने ज्या चौसष्ट अक्षरांची राखण केली होती त्यांचीच वाट खाऊन टाकली. माणसांच्या घरांतही स्मरणाचे खाते असे एखाद्याकडे असते. श्राद्धाच्या तिथी, जमिनीच्या हद्दी, कोणी कोणाला केव्हा काय बोलले याचे तपशील, हे सारे एकाच आत्याच्या किंवा काकांच्या डोक्यात कायमचे जडवलेले असते. बाकीचे निर्धास्तपणे विसरतात. त्या व्यक्तीच्या उतारवयात तिच्या स्वभावात जो आंबटपणा उतरतो त्याला आपण विक्षिप्तपणा म्हणतो, आणि तो कोठून पाझरला याची चौकशी सहसा करीत नाही.

क्षारावर उतारा आम्लाचा. मास्तरांनी बॅटरी कापून बाजूला केली आणि स्वयंपाकघरातला साधा शिरका ब्रशने त्या हिरव्या मुलुखावर फिरवला. बारीक फसफस झाली, बुडबुडे आले आणि गेले, निळाई विरघळली. मग शुद्ध पाणी, मग स्पिरिट, मग उन्हाऐवजी दिव्याची ऊब, कारण श्रावणातले ऊन हा भरवशाचा इसम नव्हे. खालचे तांबे कोठे काळवंडलेले, कोठे नुसतेच नाहीसे झालेले दिसू लागले. मल्टिमीटरची एक सुई या टोकाला, दुसरी त्या टोकाला, बीप वाजली तर वाट शाबूत, न वाजली तर "ट्रॅक उडालाय, जंपर मारावा लागेल." रेषेमागून रेष अशी रुजवात चालली. उघड्या पडलेल्या तांब्यावर त्यांनी कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवला, आणि तो चढताना जी रुपेरी लकाकी धावत गेली ती पाहून मला आजोळच्या अंगणातला कल्हईवाला आठवला: त्याचा भाता, तापलेल्या पातेल्यात उडवलेला नवसागर, धुराचा पांढरा लोट, आणि कापसाच्या बोळ्यामागे पळणारे कथील. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यातले ताक कळकते आणि कळकलेले ताक पिणाऱ्याची धडगत नसते, हे कोकणात पोरासोरांना ठाऊक असे. नवसागराच्या जागी राळ आली, भात्याच्या जागी विजेची लेखणी आली, १८३ अंशांवर वितळणारे त्रेसष्ट-सदतीस प्रमाणाचे मिश्रण आले; तांब्याला झाकल्याशिवाय ठेवू नये हे शहाणपण मात्र जुनेच. मास्तरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अहो, माझे आजोबा तेच करायचे. तांबट आळीत." आणि पुन्हा भिंगाखाली गेले.

आता पडदा. त्याचे दुखणे दुहेरी होते. मागचा दिवा पेटत नव्हता ही एक गोष्ट. तिचे कारण दिव्यात नव्हते, त्याला काही शे व्होल्टांचा दाब पुरवणाऱ्या लहानशा मंडलात होते. तेथले चिमुकले कॅपॅसिटर, तांदळाच्या पिंपांसारखे दिसणारे, बुडातून पाझरले होते. त्या काळात असे पाझरणे सर्रास झाले. पाटीच्या पृष्ठावरच बसवायचे ठेंगणे कॅपॅसिटर तेव्हा नवे होते आणि त्यांच्या आतल्या द्रावाला बुडाची सील फार काळ रोखू शकली नाही. ते काढताना सोल्डरिंगची लेखणी टेकताच जो वास सुटतो तो सुकटीचा असतो, अगदी बिनचूक सुकटीचा. माडीवर एकाएकी हर्णै बंदराची आठवण व्हावी इतका. मास्तर शाकाहारी असल्यामुळे त्यांनी खिडकी उघडली. मला ती बंद राहिली असती तरी चालले असते.

दुसरे दुखणे मात्र गहन. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून एक तपकिरी धुके आत शिरलेले होते, काचेवरची पातळ फिल्म बुडबुड्यांनी उचलली गेली होती, आणि तो आंबट वास तेथूनच येत होता. हे कळण्यासाठी पडदा म्हणजे काय याचा थोडा विचार करावा लागतो. प्राग येथे १८८८ मध्ये फ्रीडरिख रायनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक पदार्थ दोनदा वितळताना आढळला: १४५.५ अंशांवर तो गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांवर निर्मळ. मधल्या त्या गढूळ अवस्थेत तो धड स्फटिक नव्हता आणि धड द्रव नव्हता. ओटो लेमान यांनी तिची दखल घेतली आणि द्रवस्फटिक ही संज्ञा रूढ झाली. पुढे जवळजवळ शतकभराने, १९७७ मध्ये, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत सी. व्ही. रामन यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी या कुळातली एक नवीनच शाखा, चकतीच्या आकाराच्या रेणूंची, उजेडात आणली. आपल्या लॅपटॉपमध्ये होते ते काडीच्या आकाराचे. विजेचा किंचित इशारा मिळताच हे रेणू अंग वळवतात आणि आपल्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे पीळ बदलतात. पण डोळ्याला तो बदल स्वतःहून दिसत नाही. तो दिसावा म्हणून काचेच्या पुढे आणि मागे एकेक ध्रुवक फिल्म चिकटवलेली असते. ती काढून घेतली तर अक्षरे उमटतात, वळतात, पुसली जातात, आणि समोर बसलेल्याला कोऱ्या काचेपलीकडे काही कळत नाही.

या फिल्मच्या दोन्ही अंगांना आधार म्हणून सेल्युलोज ट्रायॲसिटेटचे पापुद्रे असतात, आणि तोच पदार्थ सिनेमाच्या फिल्मचा. उष्ण आणि दमट हवेत तो विघटू लागतो, त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते, आणि सुटलेले आम्ल पुढच्या विघटनाला हातभार लावते, असे हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की स्वतःच्याच बळावर वेग घेते. पेट घेणाऱ्या नायट्रेटच्या फिल्मला पर्याय म्हणून १९४८ मध्ये ही सुरक्षित फिल्म बाजारात आली आणि दहा वर्षांच्या आत तिच्या आंबल्याची पहिली तक्रार निर्मात्या कंपनीकडे पोहोचली. ती केली होती भारत सरकारने. आपल्या सरकारच्या कोठारांतली हवा जगाच्या आधी बोलली. हे वाचल्यापासून ते टिपण लिहिणाऱ्या कारकुनाची मूर्ती माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही: फाइलीवर फाइल ठेवलेले टेबल, वर फिरणारा पंखा, आणि "सदर रिळांना शिरक्यासारखा दर्प येत असल्याचे निदर्शनास आले आहे" हे वाक्य वरिष्ठांना रुचेल अशा इंग्रजीत कसे बसवावे याची त्याला पडलेली विवंचना. मास्तरांच्या माडीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, गारव्यात ठेवलेली रिळे याच वैऱ्यापासून जपली जातात. आंबलेले रीळ निरोगी रिळांच्या सहवासात ठेवत नाहीत, कारण त्याचा वायू शेजाऱ्यालाही बाधतो. मामांच्या यंत्राला ती सोय कोणी दिली नव्हती. खाली बॅटरीचा क्षार, वर पडद्याचे आम्ल, आणि दोहोंच्या मध्ये मिटलेले झाकण: एकमेकांना मारक अशी ही दोन विषे इतकी वर्षे वीतभर अंतरावर राहिली आणि त्यांची गाठ पडली नाही. खालचे विष धुण्यासाठी आम्ही दुकानातून जो शिरका आणला, तोच वरच्या कोपऱ्यात आपोआप तयार होत होता.

जुनी फिल्म सोलून काढण्याचे काम मास्तरांनी मला दिले. ते चिकाटीचे होते, म्हणजे दोन्ही अर्थांनी. त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही. नवी फिल्म चिकटवण्यापूर्वी ती काचेवर नुसती धरून फिरवली, म्हणजे एक मौज दिसते: एका कोनात निळसर पार्श्वभूमीवर अक्षरे उठतात, जरा वळवले की पिवळट हिरव्या पार्श्वभूमीवर येतात, काटकोनात वळवले की काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे होते. मूळचा कोन कोणता होता? सोललेल्या चिंध्यांवरून तो ठरवता येत नव्हता. मामांना पडदा कसा दिसत असेल, निळसर की हिरवट, हे विचारायला कोणी उरले नव्हते. मामेबहीण म्हणाली, "निळा. नाही, थांब, हिरवा असेल. मला तर त्याचा आवाज आठवतो." मास्तरांनी वाचायला सर्वांत सोपा कोन धरला आणि फिल्म दाबून बसवली.

दुरुस्ती कोठे थांबवावी, हा प्रश्न मग आला. बाहेरचे आवरण काळाने पिवळे पडले होते. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले तर ते पुन्हा राखाडी होते, अशी एक युक्ती जुन्या यंत्रांच्या शौकिनांत प्रचलित आहे. माझे मत विरुद्ध पडले. आपल्याकडे जीर्णोद्धाराचे पुण्य नवे देऊळ बांधण्याहून मोठे मानत असत, आणि ते योग्यच होते. परंतु हल्ली कोकणातल्या कौलारू देवळांचे लाकडी खांब काढून, त्या जागी गुळगुळीत फरशा आणि चकचकीत ग्रॅनाइट बसवून, वर देणगीदारांची नामावली कोरण्याला जीर्णोद्धार म्हणतात, आणि तेथे गेल्यावर देवालाही आपण पाहुणे आहोत असे वाटत असावे. जे अडते आहे ते चालते करावे, जे नुसते वय आहे त्याला हात लावू नये, एवढी मर्यादा मला पुरेशी वाटते. कळफलकावरच्या ज्या कळा मामांच्या बोटांनी गुळगुळीत झाल्या होत्या त्यांच्यावर नव्याने अक्षरे छापण्याची मास्तरांनी तयारी दाखवली. ती मी नम्रपणे नाकारली. मास्तरांच्या चेहऱ्यावर नापसंती उमटली. त्यांच्या धंद्यात अर्धवट सोडलेल्या कामाला नाव नसते.

दिवा पेटला. तबकडीवरच्या कागदावर तिचा प्रकार छापलेला होता. तो हाताने यंत्राच्या दप्तरात भरला, तेव्हा यंत्राने आपली तबकडी कबूल केली आणि ती घरघरत फिरू लागली. मामेबहिणीला आठवत होता तो हाच आवाज.

तबकडीवर जे निघाले त्यात गूढ असे काही नव्हते. जहाजावर जन्मभर इंजिनाची रोजनिशी लिहिलेल्या माणसाला घरी आल्यावर इंजिन उरले नाही, म्हणून त्याने गावाची रोजनिशी धरली. पावसाची एक फाइल, नारळांची एक, गड्यांच्या मजुरीची एक, विहिरीच्या पाण्याची एक. नावे आठ अक्षरांत बसवलेली, कारण डॉस या त्याच्या कार्यप्रणालीला त्याहून लांब नाव चालत नसे. मजकूर रोमन लिपीत लिहिलेली मराठी, कारण देवनागरीची सोय यंत्रात नव्हती. ज्या १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली सरकारमान्य झाली त्याच सुमारास मामा आपल्या ओटीवर बसून आंबा आणि अंबा यांचा उलगडा वाचणाऱ्यावर सोपवून मोकळे होत होते. वाक्ये त्रोटक. पाऊस अमुक मिलिमीटर. नैर्ऋत्येचा वारा. गडी आला नाही. विहीर अमुक हात. कोठेही उसासा नाही, तक्रार नाही. मामींच्या आजारपणाच्या वर्षातही विहिरीचे पाणी मोजलेले आहे.

प्रत्येक फाइलीपुढे ती शेवटची केव्हा लिहिली त्याची तारीख आणि वेळ असते. पहिली काही वर्षे त्या तारखा सरळ चालतात. मग एके ठिकाणी त्या थांबतात आणि तेथून पुढे प्रत्येक फाइलीवर एकच तारीख दिसते: १ जानेवारी १९८०. म्हणजे बॅटरी कपाटात मेली नव्हती. मामा लिहीत असतानाच तिचा प्राण गेला होता, आणि पाझरही तेव्हाच सुरू झाला असावा. यंत्र रोज सकाळी तबकडीचा प्रकार भरून घेऊन मग त्यांना तारीख विचारीत असणार, आणि मामा, ज्यांनी जहाजावर मिनिटाचीही चूक खपवून घेतली नाही, ते उत्तर न देता कळ दाबून पुढे जात असणार. का, ते कळायला मार्ग नाही. तो दिवस, ज्या दिवशी हे यंत्र जन्मलेही नव्हते, ज्या दिवशी डॉसचा काळ सुरू होतो म्हणून स्मृती गेलेली अशी सारी यंत्रे परत जाऊन उभी राहतात, तो एक मंगळवार मामांच्या अखेरच्या सगळ्या वर्षांना पुरला.

वेळ मात्र निराळी होती. बॅटरी नसलेले घड्याळ दर वेळी मध्यरात्रीपासून मोजू लागते. त्यामुळे त्या फाइलींवरची वेळ ही दिवसातली वेळ नव्हेच, यंत्र सुरू केल्यापासून किती मिनिटांनी फाइल बंद झाली त्याचा तो हिशेब आहे. पावसाच्या फाइली शून्य वाजून सहा, शून्य वाजून नऊ, शून्य वाजून सात. नारळांना थोडा अधिक वेळ. आणि एका फाइलीवर, जिच्यात विहिरीच्या पाण्याची एकच ओळ आहे, दोन वाजून एक्केचाळीस. ती ओळ लिहायला पावणेतीन तास लागत नाहीत. कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात ते ओटीवर इतका वेळ त्या निळ्या किंवा हिरव्या पडद्यासमोर बसले होते, हे यंत्राला ठाऊक नाही. किती वेळ बसले होते, एवढेच ठाऊक आहे.

मामेबहिणीला हे मी कळवले तेव्हा ती काही वेळ बोलली नाही आणि मग एकदम कामाला लागली. तिचा स्वभाव मामांचाच. तिचे म्हणणे असे, की दापोलीच्या कृषी विद्यापीठात पावसाच्या नोंदी ठेवतात. त्या मागवून वडिलांच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या, तर तारीख हरवलेली प्रत्येक फाइल आपापल्या वर्षात बसवता येईल, आणि मग त्या विहिरीच्या ओळीचीही मागची पुढची ओळख पटेल. मी म्हणालो, की कोकणातला पाऊस गावागणिक निराळा पडतो, डोंगराच्या या अंगाला झड आणि त्या अंगाला ऊन असते. दापोलीचा आकडा समुद्रकाठच्या ओटीला लागू पडेलच असे नाही. ती म्हणाली, "दादा, जुलैचा पाऊस तरी जुलैतच पडेल ना?"

मास्तरांनी नवी बॅटरी पाटीवर बसवायला साफ नकार दिला आहे. दोन तारा बाहेर काढून, दूर एका डबीत नाण्यासारखा लिथियमचा सेल ठेवायचा आणि यंत्राने त्याला भारित करण्याचा प्रयत्न करू नये म्हणून मध्ये एक डायोड घालायचा, अशी त्यांची तजवीज आहे. सेल संपला तर डबी बदलता येईल, पाटीला झळ लागणार नाही. यंत्र कोठे राहावे याविषयीही त्यांचा हुकूम स्पष्ट आहे: समुद्राजवळ नको. मामेबहिणीला ते ओटीवरच हवे आहे, जेथे ते होते तेथेच, काचेच्या कपाटात. विद्यापीठाकडे तिचा अर्ज गेला असून पोच आली आहे. तारा काढण्याचे काम मास्तरांनी गणपतीनंतर करायचे ठरवले आहे, कारण तोवर माडीवर मंडळांच्या दिव्यांच्या माळांचा ढीग पडलेला असतो; आणि तोपर्यंत मी जेव्हा जेव्हा यंत्र सुरू करतो तेव्हा ते मला तारीख विचारते, आणि मी अजून ती घातलेली नाही.